बाहेर न न्यायची माती

लोकांनी काय करायचं नाही, हे सांगण्याचा मी पगार घेते. पॉलिगॉनवर, म्हणजे जिथे चाळीस वर्षं अणुबॉम्ब फोडून बघितले त्या माळावर, माती-पाणी-गवताचे नमुने घ्यायला जी पथकं जातात, त्यांना आत सोडण्याआधी माझ्यासमोर उभं राहावं लागतं. प्रोफेसर असो की ड्रायव्हर. जमिनीवर बसायचं नाही. आत काही खायचं-प्यायचं नाही. खणताना वारा पाठीवर घ्यायचा. मास्क गळ्यात लटकवायचा दागिना नाही, तो तोंडावर हवा. रानदवणा खुडून वास घ्यायचा नाही, आणि आमच्यातल्या प्रत्येकाचा हात नेमका तिकडेच जातो. जुनं थडगं दिसलं तर खुशाल दुवा मागा, पण दुवा संपल्यावर तळवे तोंडावरून फिरवायचे नाहीत. हे शेवटचं ऐकून सगळे हसतात, आणि पहिल्या थडग्यापाशी हटकून तेच करतात. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की आतलं काहीही बाहेर यायचं नाही. दगड नाही, हाड नाही, बुटाला चिकटलेला चिखलसुद्धा नाही.

मला लोक मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. सापाबेक तर तोंडावरच म्हणतो. तो आमच्या गाडीचा ड्रायव्हर आणि माझा समवयस्क. आमच्यात एकाच वर्षी जन्मलेल्यांना एकमेकांना काहीही बोलायची मुभा असते, राग धरायची मात्र नसते. त्यामुळे हा बाबा गेली पंचवीस वर्षं मला फुकटात छळतोय. "कुन्सुलू," तो म्हणतो, "तुझा नवरा तुझ्या कटकटीनं गेला. उगाच हृदयाचं नाव." मीही त्याला सोडत नाही. त्याच्या ओठाखाली कायम ‘नासवाय’ची चिमूट असते, हिरवी, उग्र, आमच्या पुरुषांची लाडकी तंबाखू. मी म्हणते, मेल्या, तुझ्या बायकोनं तुझ्या तोंडाजवळ तोंड शेवटचं कधी आणलं असेल देव जाणे.

माझी आई, आपा, माझ्याकडेच राहायची. पाय गेलेले, डोळे अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. सापाबेक मला घ्यायला आला की ती त्याला चहाला बसवून घ्यायची आणि वाटीत तळाशी घोटभरच चहा ओतायची, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसून राहील. मला उशीर झाला तरी चालायचं. तिला त्याच्याकडून एकच ऐकायचं असायचं, की काराशोकीकडून गाडी गेली होती का, भिंती अजून उभ्या आहेत का.

काराशोकी म्हणजे गुरांसकट हिवाळा काढायचा आमचा तळ. आपा तिथे सून म्हणून गेली. तिथेच तिला मुलगा झाला. त्याआधीची दोन बाळं गेली होती, म्हणून याचं नाव तुर्सिन ठेवलं. तुर्सिन म्हणजे राहू दे, याला तरी राहू दे. तो पाच वर्षं राहिला. मग अंगावर निळे डाग उठायला लागले, नाकातून रक्त यायचं ते थांबायचं नाही. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. गावातले म्हणाले वारा लागला. तुर्सिनला तळामागच्या टेकाडावर पुरलं आणि काही वर्षांनी ती जमीन पॉलिगॉनात घेऊन सगळ्या तळाला तिथून हलवलं. मी पुढे पुष्कळ वर्षांनी झाले. मी त्याला पाहिलेलं नाही, पण आमच्या घरात तो माझ्यापेक्षा जास्त होता. मी जेवायला नाही म्हटलं की आपा म्हणायची, तुर्सिन कधी नाही म्हणत नसे. लहानपणी मला त्याचा भारी राग यायचा.

एका वर्षी उन्हाळा सरताना सेमेय शहरातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता औषधं नकोत, तिला हवं ते खाऊ घाला. मी घरी येऊन काही बोलले नाही. पण आपाला काय सांगावं लागतं थोडंच? तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, मला काराशोकीला ठेवा, पोराशेजारी.

मी नाही म्हटलं. एका दमात म्हटलं, कारण थांबले असते तर जमलंच नसतं. थडगं खणायचं म्हणजे आमचे पुरुष अर्धा दिवस फावडी चालवणार, धूळ उडणार, ती छातीत जाणार. मग प्रत्येक जण हातानं मूठ मूठ माती लोटणार. भाऊबंद, शेजारी, नातू. एकीला तिथे ठेवण्यासाठी मी एवढ्या माणसांना त्या धुळीत उभं करू शकत नव्हते. आपानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गुडघ्यावरची घोंगडी नीट करत बसली.

"मग त्याची मूठभर माती तरी आण," ती म्हणाली. "आता उशाशी ठेवीन. पुढे माझ्याबरोबर जाऊ दे."

"आधी यंत्रानं किरणं मोजून बघते, आपा. चांगली असली तर आणते."

"म्हणजे यंत्राला विचारणार."

"हो."

"विचार. यंत्र काही वाईट नाही गं. मेलं सारखं कुरकुरतं, एवढंच. तुझ्यासारखं."

मातीचे नमुने घेणारं एक पथक त्याच आठवड्यात त्या बाजूला जायचं होतं. पथकातल्या दोघांना मी सांगितलं की काराशोकीपाशी मला थोडा वेळ हवा. ते समजूतदार होते, का म्हणून विचारलं नाही. तळाच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. मी सापाबेकला गाडीपाशीच थांबायला बजावलं आणि यंत्र घेऊन एकटी टेकाड चढले.

पहिल्या थडग्यापाशी यंत्र गप्प. दुसऱ्यापाशी गप्प. म्हणजे घरच्या अंगणात टिकटिकतं तितकंच. माझ्या मनात आलं, कुन्सुलू, देव एकदा तरी तुझं ऐकतोय. मी खिशातली स्वच्छ पिशवीसुद्धा काढून हातात धरली. बाई, काय घाई होती मला.

तुर्सिनची जागा अगदी कडेला होती. कुणा श्रीमंताच्या थडग्याची मोठी मातीची भिंत, आणि तिच्या आडोशाला हा एवढासा उंचवटा, वर चार दगड. लेकराला वारा लागू नये म्हणून आडोसा बघूनच ठेवलं असणार. पण वाऱ्याबरोबर येणारी धूळही भिंतीच्या आडोशालाच खाली बसते. साठ वर्षं ती तिथे बसत आली होती. मी यंत्राचं तोंड मातीपासून बोटभर अंतरावर धरलं आणि ते जे सुटलं ते थांबेना.

मी यंत्रावरच आळ घेतला. बॅटरी बदलली. लांब जाऊन दुसऱ्या जमिनीवर धरून बघितलं, तिथे ठीक. परत आले, पुन्हा तेच. डोक्याकडे, पायाकडे, दोन्ही बाजूंना. खालची माती चांगली असेलही, पण भावाचं थडगं उकरणार कोण? मी पिशवी घडी घालून खिशात ठेवली, दुवा मागितली, आणि तळवे मास्कपासून वीतभर अलीकडे थांबवले. मग खाली उतरून पथकाच्या मागे गेले, कारण त्यांचं काम राहिलं होतं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मलाच हवं होतं.

हद्दीवर आमची एक शेड आहे. तिथे वरचे कपडे काढायचे, बूट काढायचे, आणि मग मी एकेकाला डोक्यापासून तळपायापर्यंत तपासते. दोघे स्वच्छ निघाले. सापाबेक तर गाडीतून उतरलाच नव्हता, असं मी समजून चालले होते. तरी नियम म्हणजे नियम. मी यंत्र त्याच्या उजव्या हाताजवळ नेलं आणि ते किंचाळायला लागलं.

बोटांची टोकं. मग शर्टाचा खिसा. मी हात पुढे केला. त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढून दिली, खाली बघत. आत तंबाखू नव्हती, राखाडी माती होती. मी पथकाकडे गेल्यावर हा टेकाड चढून गेला होता, हातमोजा काढून. मी विचारलं तर म्हणाला, लेकराच्या थडग्याला कुणी हातमोजा घालून शिवतं का? आतली तंबाखू त्यानं दुसऱ्या खिशात ओतली होती. आणि मग माझं लक्ष त्याच्या ओठाकडे गेलं. ओठ फुगलेला होता.

त्याच बोटांनी त्यानं चिमूट तोंडात धरली होती. मी त्याला मानगूट धरून नळापाशी नेलं, थुंकायला लावलं, चूळ भरायला लावलं, पुन्हा, पुन्हा, घसा आतून खरवडून निघेल इतकं. तोंडानं मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पथकातले दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सापाबेकनं मला उलट टोमणा मारला नाही. त्याच्या तपासण्या पुढे हिवाळाभर चालल्या आणि त्यात काही निघालं नाही, पण त्या दिवशी मला ते कुठे माहीत होतं? मी त्याच्या नखांवर ब्रश घासतच राहिले.

यंत्र शांत झालं तसा तो हळूच म्हणाला, "कुन्सुलू, तू सोडून कुणाला कळणार आहे? म्हातारी दोन महिन्यांची पाहुणी. जमिनीखाली गेल्यावर ही माती कुणाचं काय वाकडं करणार?"

त्याचं खरं होतं. जमिनीखाली कुणाचंच नाही. पण त्याआधी आपा ती उशाशी ठेवणार होती. कपाळाला लावणार, ओठाला लावणार, माझ्या नातीला बोलावून सांगणार की घे, तुझ्या आजीच्या भावाचा वास घे. आणि मी रोज लोकांना काय सांगते? बुटाचा चिखलसुद्धा नाही. मी डबी घेतली, नवे हातमोजे चढवले, हद्दीच्या दोरीपलीकडे चालत गेले आणि माती खाली ओतली. हळूच ओतली, वारा नव्हता. डबी कचऱ्याच्या पिंपात टाकली. तुर्सिन आपल्या आईच्या दिशेनं एवढा प्रवास करून आला होता, आणि मी त्याला दोरीपाशी सोडून दिला.

मग आम्ही परत निघालो. पथकाला उतरवल्यावर नदीपाशी सापाबेकनं गाडी थांबवली. म्हणाला, इथली माती घे. तिला अर्धं दिसत नाही, तिला काय कळणार. मी उतरले. घेतलीसुद्धा मूठभर, यंत्राखाली धरली, चांगली होती. मग डोळ्यांपुढे आलं की आपा या नदीकाठच्या मातीला बाळा म्हणेल, आणि मी समोर बसून चहा पीत ते ऐकत असेन. मी मूठ उघडली आणि गाडीत येऊन बसले.

आपा दाराकडे तोंड करून बसली होती. तिनं ओंजळ आधीच पुढे केली होती. मी तिच्या समोर खाली बसले आणि जसं होतं तसं सांगितलं. बाकीची थडगी बरी आहेत, त्याचंच वाईट आहे, मी आणू शकले नाही. तिची ओंजळ लगेच खाली गेली नाही.

"वाईट म्हणजे किती वाईट?" तिनं विचारलं.

"फार, आपा. मी तिथे अंगभर कपडे घालून, मास्क लावून उभी होते, आणि तेही थोडाच वेळ."

मला वाटलं होतं ती रडेल, मला बोलेल, तुझ्या नोकरीला आग लागो म्हणेल. तेवढ्याची तयारी मी केली होती.

"तू तासाभरासाठी एवढं अंगभर घालून जातेस," ती म्हणाली, "आणि माझं लेकरू तिथे तसंच झोपलंय होय गं?"

मी म्हटलं, आपा, त्याला आता काही होत नाही. ती म्हणाली, "हे तुला यंत्रानं सांगितलं?" आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

साठ वर्षं ती एका गोष्टीवर तगली होती. तिचं लेकरू गेलं ते गेलं, पण आता निजलंय, सुटलंय. आणि मी, मोठी खरं बोलणारी, एका वाक्यात ते काढून घेतलं. खोटी माती द्यायला हवी होती का? मला आजही माहीत नाही. त्या आठवड्यात तिनं चहासुद्धा टाकला. झोपेत हात हलवायची, अंगावरचं पांघरूण ओढून बाजूच्या रिकाम्या जागेवर सारायची. मी ते तिच्या अंगावर परत घालायची आणि तिचा हात पुन्हा तेच करायचा.

मग एका सकाळी तिनं मला हाक मारली. आवाज पार खोल गेला होता.

"तुझ्या त्या नियमांत बाहेर आणायला बंदी आहे. आत न्यायला आहे का?"

मी विचार केला. म्हटलं, नाही. चांगली माती आत न्यायला बंदी नाही. वाईट जागेवर चांगल्या मातीचा थर घालतातसुद्धा.

"मग मला जिथे ठेवाल तिथली घेऊन जा. त्याच्या अंगावर घाल," ती म्हणाली. "त्याला येऊ देत नाहीत तर मी जाते."

पहिलं बर्फ पडायच्या आत ती गेली. आमच्यात बायका मातीला जात नाहीत. मी दारापर्यंत गेले, ओरडून रडले, आणि पुरुष तिला घेऊन गेले. माझ्या आईवर मी मूठभर मातीही लोटलेली नाही. संध्याकाळी सापाबेक परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गोणी होती. थडगं खणताना खालून जी माती निघाली त्यातली त्यानं बाजूला काढून ठेवली होती, दगड वेचून, चाळल्यासारखी. आपाचं बोलणं मी त्याला सांगितलं होतं. ओसरीत ठेवून गेला.

हिवाळाभर ती गोणी दाराशी होती. पॉलिगॉन बर्फाखाली होता, कुणी आत जात नव्हतं. येताजाता मी तिच्यावर हात ठेवायची. मुलगी म्हणाली, आई, हिला आत तरी घे, माणसं अडखळतात. पण चुलीच्या उबेत माती वाळून हलकी झाली असती, आणि हलकी माती उडते. मी नाही म्हटलं. नाही म्हणण्यात मी हुशार आहे.

मे महिन्यात वाट मोकळी झाली. मी साहेबांना रीतसर विचारलं. ते म्हणाले, जा. टेकाडावर गोणी सापाबेकनं वाहून नेली, हातमोजे घालून, मास्क लावून, मी न सांगता. उंचवट्याजवळ गोणी खाली ठेवून तो मागे सरकला आणि पाठ करून उभा राहिला.

मी आधी मोजलं. यंत्र तसंच किंचाळलं. मग ओंजळ ओंजळ माती काढून घालत गेले, डोक्याकडून पायाकडे. काळी, ओलसर माती होती, त्या राखाडीवर वेगळी दिसत होती. मी कडा दाबल्या. अंगावर पांघरूण घालताना आपण दाबतो तशा, पायाकडे जरा जास्त. पाच वर्षांच्या पोराला गोणीभर माती पुरली. मी त्याला म्हटलं, घे रे बाबा, आली तुझी. मास्कच्या आत रडता येतं, पण डोळे पुसता येत नाहीत. मग मी यंत्र परत धरलं. ते गप्प होतं. त्या जातीच्या किरणांना अडवायला बोटभर माती पुरते. पण थर पातळ आहे, आणि तिथला वारा कसा असतो ते मला माहीत आहे.

गोणी रिकामी झाली. तिच्या शिवणीत आपाच्या थडग्याची थोडी माती अडकून राहिली होती. मी ती गोणी घडी करून छातीशी धरली आणि तशीच खाली शेडपर्यंत आले. सापाबेक माझ्याकडे बघत होता. कुणाला कळणार आहे, असं तो या वेळीही म्हणाला असता तर बरं झालं असतं. आत टेकलेली वस्तू होती ती. मी गोणी पिंपात टाकली, हातमोजेही टाकले, आणि हात पुढे केले. त्यानं यंत्र घेतलं आणि मी शिकवलंय तसं एकेक बोट तपासलं. यंत्र टिकटिकलं ते नेहमीसारखंच. माझ्या हाताला आपा आणि तुर्सिन, दोघांपैकी कुणाचीच माती लागलेली नव्हती.